नात्याचा रकाना

८ मार्च २००३, शनिवार

चंदीगड, सेक्टर १७. 'कॅनडा' असं लिहिलेल्या पाट्या एका चौकात अकरा. शेवटच्या जिन्याने वर गेलो, कारण तिथे रांग नव्हती. हा अंजूचा निकष. माझं चाललं असतं तर अकराही ठिकाणची माहितीपत्रकं गोळा केली असती.

सल्लागाराचं नाव सोढी. पन्नाशी, आकाशी पगडी, टेबलाच्या काचेखाली गिऱ्हाइकांचे विमानतळावरचे फोटो. विचारलं, कौन कौन जाएगा? मी म्हटलं, आम्ही दोघी. "बहनें हैं?"

चार वर्षं या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर आहे. आज 'नाही' म्हटलं. अंजू खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे कान लाल झालेले दिसले.

सोढींनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग म्हणाले, "अच्छा जी. उसका भी कॉलम है अब." गेल्या वर्षीच्या नव्या कायद्यात आहे म्हणे. एक वर्ष एकत्र राहिल्याचा पुरावा दिला की नवरा-बायको असोत वा दोन बायका, अर्ज एकच. अशी केस त्यांनी केलेली नाही. पण कॉलम आहे. दुकानदाराने मागच्या फळीवरून न खपलेला माल काढून धूळ झटकावी तसं बोलत होते.

जिना उतरताना अं. म्हणाली, "बाप्पा, आपला कॉलम आहे."

९ मार्च, रविवार

हिशेब मांडला. कॅनडाच्या मोजणीने माझे गुण:
वय १०
शिक्षण (एम.ई.) २५
इंग्रजी १६ (परीक्षा व्हायची आहे, पण मिळतील)
अनुभव २१
एकूण ७२. पास व्हायला ७५ लागतात. नापास.

जोडीदाराच्या पदवीचे ४ मिळतात. अं. फिजिओथेरपिस्ट आहे. ७६. पास.

तिला दाखवलं. दिवसभर घरात मिरवते आहे. चहा केला तर म्हणे, चार मार्कांचा चहा. भांडी घासायची पाळी तिची होती. म्हणे, ज्यांच्यामुळे लोक पास होऊन राहिले त्यांनी भांडी घासायची का?

१४ मार्च, शुक्रवार

का जायचं, हे एकदा लिहून ठेवते. पुढे कोणी विचारलं तर उत्तर बदलायला नको.

गेल्या ऑक्टोबरात माझं अपेंडिक्स. इथल्याच एका नर्सिंग होममध्ये. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर अं. सही करायला गेली. तिथल्या माणसाने विचारलं, नातं? ती म्हणाली, मावसबहीण. तो म्हणाला, चुलत-मावस चालत नाही, वडील किंवा नवरा. मग सांगलीला फोन, बाबा शाळेत, शेजाऱ्यांकडे निरोप, बाबांचा फॅक्स. दोन तास वीस मिनिटं. तेवढा वेळ अं. माझ्या खाटेजवळ पेन हातात धरून उभी होती. स्वतः हॉस्पिटलात नोकरी करणारी बाई.

एवढंच कारण आहे. बाकी चंदीगड मला आवडतं. रस्ते काटकोनात आहेत.

२३ मार्च, रविवार

अंजूने आमच्यासारख्यांच्या एका ई-मेल ग्रुपवरून पर्यायांची यादी काढून आणली. न्यूझीलंड: एकत्र राहण्याची अट जास्त वर्षांची आणि तिथे ओळखीचं कुत्रं नाही. हॉलंड: भाषा. टुरिस्ट म्हणून जाऊन आश्रय मागणे: हा पर्याय सोढींनीही काल सांगितला होता. आवाज खाली आणून. "एक थाने की रिपोर्ट लग जाएगी, एक डॉक्टर का पर्चा. कहानी हम बना देंगे."

मी विचारलं, आम्हाला कोणी मारलेलं नाही, मग पर्चा कशाचा?
ते म्हणाले, मैडम जी, वही तो बनाना है.

घरी येऊन दोघी बराच वेळ त्याच विषयावर. अं.च्या ग्रुपवर एक मुलगी आहे, लुधियानाच्या बाजूची. तिला भावांनी कोंडून ठेवलं होतं. ती रांग तिच्यासाठी आहे. आम्ही खोटी जखम घेऊन तिच्या पुढे उभं राहायचं नाही. अं. म्हणाली, "आपण मार्कांच्या रांगेत." ठरलं.

२० एप्रिल, रविवार

पुरावे. पलंगावर सगळे कागद पसरले. १४ निघाले. भाडेकरार (दर अकरा महिन्यांनी नवा, एकूण चार), पोलिस ठाण्यातले भाडेकरूंचे फॉर्म, गॅस, जॉइंट खातं, माझ्या विम्यावर नॉमिनी अं., तिच्या विम्यावर मी, दोघींच्या ऑफिसांतले 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे'.

तारखा बरोबर. पत्ता बरोबर. नावांची स्पेलिंगं चौदाही ठिकाणी सारखी. हे माझं काम. मी रकाना रिकामा सोडत नाही आणि एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं असं होऊ देत नाही.

आणि नात्याच्या रकान्यात चौदा वेळा: मावसबहीण.

९९ साली ही खोली बघायला आलो तेव्हा घरमालकीण बीजींनी विचारलं होतं, रिश्ता क्या है? आडनावं वेगळी, म्हणून मावसबहिणी. मीच सुचवलं. आया बहिणी असल्या की मुलींची आडनावं वेगळी असणारच, तपासायला कोणी जात नाही. त्यानंतर प्रत्येक फॉर्मवर तेच लिहिलं. कुठेही तफावत नको म्हणून.

अं. एकेक कागद उचलून वाचत गेली. नवव्या कागदाला हसायला लागली. तेराव्याला पलंगावर आडवी. मला हसू आलं नाही. मग आलं.

२६ एप्रिल, शनिवार

सोढींना फाइल दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत पहिल्यापासून वाचलं.

"मैडम जी, बीस साल हो गए इस धंधे में. इतना पक्का झूठ तो हमारे क्लाइंट भी नहीं बनाते."

कौतुक होतं. मनापासून.

१७ मे, शनिवार

इंग्रजीची परीक्षा दिली. हॉल भरलेला, निम्मी मुलं जालंधर-होशियारपूरची. शेजारच्या मुलाने विचारलं, दीदी, आप भी भाग रही हो? मी म्हटलं, मी रीतसर जाते आहे. त्याला फरक कळला नाही.

तोंडी परीक्षेत: आयुष्यातल्या महत्त्वाच्या व्यक्तीचं वर्णन करा. दोन मिनिटं. मी बीजींचं केलं. वय बहात्तर, उंची पाच फूट, गुडघा डावा दुखतो, मुलगा टोरांटोजवळ, सकाळी सहाला गच्चीवर तुळशीला आणि कूलरला दोन्हींना पाणी घालतात.

अं.ला सांगितलं. ती म्हणे, "माझं काहून नाही केलं?" परीक्षक अनोळखी होता, असं उत्तर दिलं. पुरेसं नव्हतं. संध्याकाळी सुखना तळ्यावर नेऊन कुल्फी.

१२ जून, गुरुवार

४४ अंश. कारखान्यात बद्दी गावच्या एका औषध कंपनीचा तराजू तपासायला आला. माझं काम तेच: वजनं, थर्मामीटर, दाबाचे काटे, सगळं मूळ मापाशी ताडून बघायचं. हा तराजू प्रत्येक वजनाला ०.३ ग्रॅम जास्त दाखवतो. पाच ग्रॅमला, पन्नासला, पाचशेला. बरोबर ०.३.

असा तराजू वाईट नाही. वाईट तो, जो कधी जास्त दाखवतो कधी कमी. हा एकाच बाजूला, एकाच मापाने चुकतो. चूक कळली की वजा करता येते. बाकी सगळं त्याचं खरं.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की आमचे चौदा कागद असाच तराजू आहेत. माणसं खरी, पत्ता खरा, तारखा खऱ्या. एकच रकाना चुकलेला, चौदा वेळा तेवढाच. जर कुठे 'मैत्रीण', कुठे 'सहकारी' असं लिहिलं असतं तर कामातून गेलो असतो.

१५ जून, रविवार

खुलाशाचं पत्र लिहिलं. दीड पान. चूक का झाली, कधीपासून, कोणत्या कागदांवर, कोणी केली (मी). भारतात खोली भाड्याने घेताना दोन अविवाहित मुलींना काय विचारतात ते एका परिच्छेदात. नर्सिंग होमचा प्रसंग वेळेसकट.

अं.ने वाचलं. म्हणाली, हे तराजूचं सर्टिफिकेट झालं. प्रेम कुठाय?

मी म्हटलं, तारखांमध्ये आहे.

तिने पेन घेतलं आणि वेगळ्या कागदावर आपल्या अक्षरात चार ओळी लिहिल्या. मला दाखवल्या नाहीत. पाकिटात घालून चिकटवल्या. हा कागद फाइलमध्ये जाणार आणि मी न वाचलेला एकमेव कागद असणार. सहन करते आहे.

७ सप्टेंबर, रविवार

इथल्या मराठी मंडळाचा गणपती. इन्स्टिट्यूटमधले डॉक्टर, युनिव्हर्सिटीवाले, सगळे. लहान मुलं आरती मराठीत म्हणतात आणि प्रसाद हिंदीत मागतात.

सबनीसकाकूंनी (नेत्रतज्ज्ञ सबनीसांच्या पत्नी, मंडळातली सगळी लग्नं यांच्या खाती) दोघींना एका बाजूला घेतलं. पुण्याचं स्थळ. दोन सख्खे भाऊ, एक संगणकवाला, एक बँकेत. "बहिणी-बहिणी जावा होतील. एकाच मांडवात उरकेल. तुम्हाला वेगळं व्हायला नको." फोटोही आणले होते.

अं.ने फोटो नीट बघितले. म्हणाली, काकू, धाकटा मोठ्यापेक्षा मोठा दिसतो. काकू म्हणाल्या, केस गेलेत गं, स्वभावाने गरीब आहे. 'तुम्हाला वेगळं व्हायला नको' हे मात्र त्या दोनदा म्हणाल्या आणि त्यात काळजी होती. त्यांना नाही म्हणताना मला वाईट वाटलं. असं सहसा होत नाही.

परतताना अं.: "मावसबहिणी सांगितल्या ते बरं. सवती सांगितल्या असत्या तर एकच नवरा आणला असता."

२० सप्टेंबर, शनिवार

सोढींचा ऑफिसात फोन. आवाज लग्नघरासारखा. पासिंग उतरलं. ७५ चं ६७.

"मैडम जी, मुबारक. आप अकेली ही पास. बहत्तर. अब दूसरी मैडम की जरूरत ही नहीं. सिंगल लिखिए, साफ फाइल. उन्हें बाद में देख लेंगे."

घरी आले. अं.ला सगळं सांगितलं, शब्दशः. ती कणीक मळत होती. विचारलं, "म्हणजे आता मी लागत नाही नं?"

मी म्हटलं, "नाही, लागत नाहीस."

गणिताने बरोबर उत्तर. ती कणीक मळतच राहिली. फारच वेळ. पोळ्या चामड्यासारख्या झाल्या. जेवताना चार मार्कांचा विषय निघाला नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

अं. सकाळी सातला रोझ गार्डनला गेली. एकटी. माझ्याशी 'हो', 'नाही', 'मीठ'.

नियमपुस्तिका परत वाचली. सोढींनी जे सांगितलं नाही ते सापडलं. आज जोडीदार असताना 'एकटी' लिहिलं तर त्या जोडीदाराला नंतर बोलावता येत नाही. 'बाद में देख लेंगे' असं काही नाही. उलट तिला लिहिलं आणि त्यांना आमचं नातं पटलं नाही तर कदाचित दोघींचाही अर्ज जाईल. म्हणजे दोनच रस्ते. मी एकटी, जवळपास नक्की. किंवा दोघी, नक्की नाही.

हे लिहिताना लक्षात येतंय, की मला यात निवड करायचीच नव्हती. मग काल 'नाही' का म्हटलं? कारण प्रश्न मार्कांचा आहे असं मला वाटलं. तिचा नव्हता.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज संध्याकाळी अर्जाचं पहिलं पान तिच्यासमोर ठेवलं. वैवाहिक स्थितीच्या चौकटींत 'सहजीवन' या अर्थाच्या चौकटीवर खूण. खाली तिचं पूर्ण नाव, जन्मतारीख, नागपूर. शाईने. खाली भरल्याची तारीख: ३ ऑगस्ट.

ती बघत राहिली. "हे ऑगस्टातच लिहून ठेवलं होतं?"
"हो."
"मग शनिवारी सांगायला काय झालं होतं?"
"तू ते विचारलं नव्हतंस."

तिने उशी फेकली. नेम चुकला, कॅलेंडर पडलं. त्यानंतर माझ्या आईची शप्पथ घालून माझ्याकडून वदवून घेतलं, की 'लागतेस का' असा प्रश्न आला तर यापुढे गणित करायचं नाही. कबूल केलं. पोळ्या आज नेहमीसारख्या.

सोढींना फोन करून कळवलं. ते म्हणाले, सोच लो. मी म्हटलं, शाईने लिहिलंय. त्यावर ते: "चलो जी. मेरा भी पहला केस है."

१५ नोव्हेंबर, शनिवार

जिल्हा कोर्टाबाहेर नोटरी. एकत्र राहत असल्याचं प्रतिज्ञापत्र, दोघींच्या सह्या. अं. शेजारच्या टायपिस्टबरोबर चणे खात होती. नोटरीने मजकूर वाचला नाही. फक्त हरकत घेतली, की सही काळ्या शाईने हवी, निळी चालणार नाही. परत काळ्याने केल्या. शिक्का. पुढचा.

आयुष्यातलं सर्वांत खरं वाक्य लिहून दिलं आणि त्या गृहस्थाने शाईचा रंग बघितला. बरंच झालं.

राहिला एक कागद. आम्हाला ओळखणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीचं पत्र, शक्यतो घरमालकाचं. बीजी.

१८ डिसेंबर, गुरुवार

धुकं. अं.ची संध्याकाळची ड्यूटी. बस दिसत नाही, फक्त ऐकू येते. स्टॉपवर ५५ मिनिटं. शाल आणि बॅटरी. ती उतरली तर म्हणे, बॅटरी खाली धर, मला वाटलं ट्रक आला.

बीजींना सांगायचं कोणी, यावर चर्चा. अं. म्हणते, मी रोज त्यांच्या गुडघ्याचा व्यायाम घेते, बोलता बोलता सांगून टाकते. मी म्हटलं, फॉर्मवर खोटं मी लिहिलंय, सांगेन मीच. लेखी.

१३ जानेवारी २००४, मंगळवार

लोहडी, इथला शेकोटीचा सण. बीजींच्या अंगणात दुपारपासून लाकडं रचलेली. संध्याकाळी पाच वाजता गेले, बाकी शेजारी यायच्या आत.

दोन पानांचं हिंदी पत्र टाइप करून नेलं होतं. बेत असा होता: पाकीट द्यायचं, 'फुरसत से पढ़िए' म्हणायचं, वर यायचं. काय ते उत्तर आठवड्याने. तोवरच्या सोयीसाठी सेक्टर ३५ मध्ये एक खोली बघून ठेवली होती. अं.ला हे माहीत नाही.

बीजींनी पाकीट उघडलं, कागद लांब धरला, जवळ धरला. "हिंदी है? मुझे पढ़नी कहाँ आती है. गुरमुखी और उर्दू, बस. तू ही सुना दे."

सव्वाचार वर्षं एका घरात. बीजींना हिंदी वाचता येत नाही, हे मी टिपलेलं नाही.

वाचलं. उभ्याने. ऑडिटरसमोर वाचते त्या आवाजात. 'हम मौसेरी बहनें नहीं हैं' इथपर्यंत ठीक गेलं. पुढच्या ओळीत 'जीवनसाथी' होतं. टाइप करताना चांगला वाटला होता शब्द. बीजी शेंगा फोडत होत्या. शेंगांचा आवाज थांबला नाही, एवढ्याच आधारावर पुढे वाचत गेले.

संपलं. त्यांनी मांडीवरची टरफलं लाकडांवर झटकली.

"बैठ के पढ़ना था, पुत्तर."

बसले.

"मेरी तीन बहनें हैं. सगी. धुंध में कोई मेरे वास्ते बस के लिए खड़ी नहीं हुई. तू हर सर्दी खड़ी होती है."

मी विचारलं, केव्हा कळलं. म्हणाल्या, पहिल्याच हिवाळ्यात. मग दर वर्षी 'मावसबहिणी'च्या फॉर्मवर सही का केली?

"तुमने लिखा, मैंने साइन कर दिया. मैं क्या थानेदार हूँ?"

मग वर तोंड करून अंजूला हाक मारली. ती जिन्यातून आली ती माझ्या चेहऱ्याकडे बघत, कारण तिला वाटलं सामान बांधायचंय. बीजींनी तिच्या ओंजळीत रेवड्या ओतल्या आणि दोघींना मिळून एकच तक्रार सांगितली: तुम्ही गेलात तर माझा गुडघा कोण बघणार? माझा मुलगा तिकडे, आता तुम्हीही तिकडेच. तो देश सगळ्यांना घेतो, मला एकटीलाच इथे ठेवतो.

म्हणाल्या हसत. पण मग रचलेल्या लाकडांकडे बघत होत्या, आणि अं.ने त्यांचा गुडघा आपल्या मांडीवर घेतला.

माझ्या पत्रावर सही करायला नकार. "तेरे वाला दफ्तर का लगता है. मैं अपना लिखूँगी."

अं.ला रात्रीच्या जेवणाआधी सेक्टर ३५ च्या खोलीबद्दल सांगून टाकलं. तिने विचारलं, तिथे गॅलरी आहे का? नाही. "मग काहून बघितली?"

१७ जानेवारी, शनिवार

बीजींचं पत्र आलं. गुरमुखी, वहीची तीन पानं, दोन्ही बाजूंनी. आम्हा दोघींनाही वाचता येत नाही. कोर्टाबाहेरच्या भाषांतरकाराकडे. म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा चढवून तिथल्या तिथे इंग्रजीत टाइप केलं.

सहा पृष्ठांपैकी साडेचारांत गुडघा, कूलर, आमच्या आधीचा भाडेकरू (वाईट), मुलाचा फोन दर रविवारी येतो आणि लवकर संपतो, महाराष्ट्रातल्या मुली मोहरीच्या तेलात स्वयंपाक करत नाहीत पण शिकतात. पाचव्या पृष्ठावर: या दोघी बहिणी नाहीत, मला पहिल्यापासून माहीत आहे, या एकमेकींच्या आहेत, यांना वेगळं पाठवू नका.

भाषांतरकारांची बोटं त्या ओळीवर किंचित थांबली. मग विचारलं, "फोटो लगेगा साथ में?" नाही म्हटलं. टाइप पूर्ण केलं. उठताना अंजूला म्हणाले, "किस्मतवाली मकान-मालकिन है."

अं. म्हणाली, किस्मतवाले किराएदार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

फाइल दिल्लीला, कॅनडाच्या वकिलातीत रवाना. ११२ पानं, आकडे घातलेले, मागे अनुक्रमणिका. पान ६१: अं.चं चिकटवलेलं पाकीट. वाचलं नाही.

सोढींनी फाइल हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं. पास झालं तर विमानतळावरचा फोटो हवा म्हणाले, काचेखाली जागा ठेवली आहे. खरंच ठेवली आहे. कोपऱ्यात, पासपोर्टएवढी.

१६ मार्च, मंगळवार

पोचपावती. फाइल नंबर. खाली दोन नावं, एकाखाली एक. माझं, अं.चं. मुलाखतीला बोलावतील किंवा बोलावणार नाहीत. किती महिने, हे लिहिलेलं नाही.

अं.ने पावती फ्रिजवर लावली. मी काढून फाइलमध्ये ठेवली. तिने झेरॉक्स काढून ती फ्रिजवर लावली.

११ एप्रिल, रविवार

दिल्लीचं काही नाही.

करार संपला, नवा करायचा. त्याबरोबर पोलिस ठाण्याचा फॉर्म, दर वेळेसारखा. बीजी गच्चीवर घेऊन आल्या. नावं, जन्मगाव, नोकरी, सगळं मी भरलं. सातवा रकाना: भाडेकरूंचं आपसांतलं नातं.

बीजी म्हणाल्या, इस बार क्या लिखना है?

दिल्लीत एक कागद आहे, त्यावर एक उत्तर. इथून चार मिनिटांवर ठाणं आहे, आणि तिथला कायदा अजून जुनाच, आमच्यासारख्यांना गुन्हेगार ठरवणारा. 'मावसबहीण' लिहिलं तर दिल्लीचा कागद खोटा पडतो. दुसरं लिहिलं तर उद्या कोण काय करेल सांगता येत नाही. आणि समजा दिल्लीहून नकार आला, तर याच घरात, याच ठाण्याच्या हद्दीत राहायचं आहे.

अं. म्हणाली, "लिही नं मावसबहीण. आपल्याला सवय आहे." आवाज अगदी सहज होता. पण ती कूलरच्या गवताकडे बघत होती.

पेन धरून बसले. बीजींनी घाई केली नाही. तुळशीला पाणी घातलं, कूलरला घातलं.

सातवा सोडून आठवा भरला.

बीजींनी फॉर्म लांब धरून बघितला. हिंदी वाचता येत नसली तरी कोरं कळतं. "ये खाली है."

"हाँ जी."

त्यांनी खाली गुरमुखीत सही केली. उद्या दहाला ठाण्यात द्यायचा. बीजी म्हणतात, मीपण येणार, रिक्षा कर, गुडघा आज बरा आहे. मी विचारलं, हवालदाराने विचारलं तर काय सांगणार? म्हणाल्या, आधी तो खुर्ची देतो का ते बघू.